ग्रंथप्रेमी फ्रँकलिन

वाचनालयात जावे, थोडीशी वर्गणी भरावी, हवे ते पुस्तक घरी न्यावे आणि वाचून झाले की ते परत करून दुसरे आणावे, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यात काही विशेष आहे असे आपणांस वाटतही नाही. परंतु तीनशे वर्षांपूर्वी पुस्तके ही मुख्यतः श्रीमंतांच्या आणि पंडितांच्या घरची वस्तू होती. गरिबाच्या मुलाला वाचनाची कितीही ओढ असली, तरी ती तहान भागवण्याचा मार्ग त्याला सहसा सापडत नसे. अमेरिकेतील अशाच एका मुलाने तो मार्ग स्वतःसाठी शोधून काढला आणि पुढे मोठेपणी तो इतरांसाठी खुला केला. त्या मुलाचे नाव बेंजामिन फ्रँकलिन. शास्त्रज्ञ, मुत्सद्दी आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा एक शिल्पकार म्हणून जग त्याला ओळखते. पण त्याच्या साऱ्या मोठेपणाचे मूळ शोधू गेल्यास ते छापील पुस्तकांवरील त्याच्या प्रेमातच सापडते.

बेंजामिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टन या बंदराच्या गावी झाला. त्या काळी अमेरिकेचा तो भाग ही इंग्लंडच्या राज्याची एक वसाहत होती. त्याचे वडील जोसाया हे इंग्लंडातून येऊन तेथे स्थायिक झाले होते. चरबीच्या मेणबत्त्या आणि साबण करून विकणे हा त्यांचा धंदा. दोन बायकांची मिळून त्यांना सतरा अपत्ये झाली. त्यांत बेंजामिन पंधरावा आणि मुलग्यांत सर्वांत धाकटा. एवढ्या मोठ्या कुटुंबाचे पोट मेणबत्त्यांच्या मिळकतीवर भरायचे, म्हणजे घरात चैनीला जागा कोठून असणार!

हा मुलगा इतक्या लहानपणी वाचू लागला, की आपल्याला वाचता येत नव्हते असा काळ त्याला स्वतःलाही पुढे आठवत नसे. त्याची ही गोडी पाहून वडिलांनी त्याला धर्मोपदेशक करावयाचे ठरवले आणि आठव्या वर्षी लॅटिनच्या शाळेत घातले. तेथे तो भराभर पुढे गेला. पण इतके दीर्घ शिक्षण आपल्याला परवडणार नाही हे वडिलांच्या लवकरच ध्यानी आले आणि वर्ष पुरे होण्यापूर्वीच त्यांनी त्याला तेथून काढून लेखन आणि हिशेब शिकवणाऱ्या एका साध्या शाळेत घातले. तेथे त्याचे अक्षर चांगले वळणदार झाले. गणितात मात्र त्याला यश आले नाही. दहाव्या वर्षी त्याची शाळा सुटली, ती कायमचीच. त्याचे सारे शालेय शिक्षण अवघे दोन वर्षांचे!

मग तो वडिलांच्या दुकानात काम करू लागला. वाती कापाव्या, साचे भरावे, दुकान सांभाळावे, निरोप पोचवावे, असा त्याचा दिनक्रम असे. चरबीच्या वासाच्या त्या कामात त्याचे मन रमेना. समोर समुद्र पसरलेला. गलबतावर चढून कोठेतरी निघून जावे असे त्याला वाटे. मुलगा पळून जाईल या भीतीने वडील त्याला गावातील निरनिराळ्या कारागिरांकडे घेऊन जात. सुतार, गवंडी, तांबट हे आपापल्या कामात गढलेले असत आणि बेंजामिन त्यांची हत्यारे कुतूहलाने न्याहाळी. त्यांपैकी कोणता धंदा त्याला रुचतो हे वडील पाहत होते.

पण त्याची खरी आवड वेगळीच होती. हातात येणारा प्रत्येक पैसा तो पुस्तकांवर खर्च करी. बन्यन या इंग्रज ग्रंथकाराची पुस्तके त्याला फार आवडली, म्हणून त्याने त्याचे लहान लहान भाग विकत घेतले. ते वाचून झाल्यावर काय करावे? त्याने ते विकून टाकले आणि आलेल्या पैशांत फेरीवाल्यांजवळ मिळणारी इतिहासाची चाळीसपन्नास स्वस्त पुस्तके घेतली. घरी वडिलांचा लहानसा ग्रंथसंग्रह होता. त्यात बहुतेक धर्मविषयक वादाचीच पुस्तके होती. तीही त्याने वाचून काढली. त्यांतच त्याला प्लुटार्कने लिहिलेली थोर पुरुषांची चरित्रे मिळाली आणि ती त्याने मनसोक्त वाचली. मुलाचे हे वेड पाहून वडिलांनी अखेर निर्णय घेतला. बेंजामिनला मुद्रक करावयाचे!

त्याचा थोरला भाऊ जेम्स १७१७ साली इंग्लंडहून छपाईचे यंत्र आणि खिळे घेऊन बोस्टनला आला होता. बाराव्या वर्षी बेंजामिनने त्याच्या छापखान्यात उमेदवारी पत्करली. एकवीस वर्षांचा होईपर्यंत त्याने तेथे काम करावे आणि फक्त शेवटच्या वर्षी त्याला कामगाराची मजुरी मिळावी, असा करार झाला. त्या करारावर त्याने सही केली.

त्या काळची छपाई म्हणजे कष्टाचे काम. प्रत्येक अक्षराचा धातूचा एक एक खिळा असे. लहान लहान खणांच्या पेटीतून तो खिळा उचलून ओळीत बसवायचा, ओळीखाली ओळ रचून पान तयार करायचे, ते चौकटीत घट्ट आवळायचे, त्यावर शाई लावायची, ओलसर कागद ठेवायचा आणि हाताने दांडा ओढून यंत्राचा दाब द्यायचा. छपाई संपली की तेच खिळे धुऊन पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. खिळ्यावरील अक्षर उलटे असल्यामुळे जुळणाऱ्याला उलटी ओळ वाचण्याची सवय करावी लागे. बेंजामिन हे काम थोड्याच काळात उत्तम शिकला. ज्या पुस्तकांसाठी तो इतका आसुसलेला होता, ती एक एक अक्षराने कशी घडतात हे त्याच्या बोटांना कळू लागले.

या धंद्यामुळे त्याचा आणखी एक मोठा लाभ झाला. गावातील पुस्तकविक्रेत्यांकडे उमेदवारी करणाऱ्या मुलांशी त्याची ओळख झाली. दुकान बंद होताना ती मुले त्याला एखादे लहानसे पुस्तक देत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, मालकाच्या किंवा गिऱ्हाइकाच्या लक्षात येण्यापूर्वी, ते जागच्या जागी परत यावे लागे. मग बेंजामिन आपल्या खोलीत रात्रीचा बराचसा काळ वाचत बसे. पुस्तकाला डाग पडू नये, त्याचे पान दुमडू नये याची तो काळजी घेई आणि पहाट होताच ते परत देई. त्याचा हा नेटकेपणा पाहूनच ती मुले त्याला पुन्हा पुस्तक देण्यास तयार होत. पुढे छापखान्यात येणाऱ्या मॅथ्यू अ‍ॅडम्स नावाच्या एका व्यापाऱ्याचे लक्ष या मुलाकडे गेले. त्याच्याजवळ चांगला ग्रंथसंग्रह होता. त्याने बेंजामिनला घरी बोलावले आणि हवी ती पुस्तके वाचावयास दिली. हे उपकार बेंजामिन जन्मभर विसरला नाही.

वाचनाबरोबर लिहिण्याचीही त्याला हौस वाटू लागली. प्रथम त्याने दोन पोवाड्यांसारखी गाणी रचली. त्यांतील एक, दीपगृहाच्या रखवालदाराचे कुटुंब समुद्रात बुडाले त्या ताज्या दुर्घटनेवर होते. भावाने ती छापली आणि त्यालाच रस्त्यावर विकावयास पाठवले. पहिले गाणे झपाट्याने खपले, तेव्हा बेंजामिनची छाती फुगली. पण वडिलांनी त्या कवितेतील उणिवा दाखवून त्याची थट्टा केली आणि पद्य रचणाऱ्यांच्या नशिबी बहुधा भीकच असते अशी समज दिली. बेंजामिनने कवितेचा नाद सोडला व गद्याकडे लक्ष वळवले.

त्याचा कॉलिन्स नावाचा एक पुस्तकवेडा मित्र होता. स्त्रियांना शिक्षण द्यावे की नाही यावर त्या दोघांचा वाद जुंपला. बेंजामिनने शिक्षणाची बाजू घेतली. दोघे एकमेकांना पत्रे लिहून वाद घालू लागले. ती पत्रे एकदा वडिलांच्या हाती पडली. वडिलांनी कोणाचे मत बरोबर याविषयी काहीच म्हटले नाही. परंतु छापखान्यातील कामामुळे बेंजामिनचे शुद्धलेखन व विरामचिन्हे बरोबर असली, तरी भाषेचे सौंदर्य, विचारांची मांडणी आणि स्पष्टपणा यांत तो मित्राच्या मागे आहे, हे त्यांनी त्याला उदाहरणे देऊन पटवले. बेंजामिनला राग आला नाही. वडिलांचे म्हणणे खरे आहे हे ओळखून आपले लेखन सुधारावयाचेच, असा त्याने निश्चय केला.

पण शिकवणार कोण? शाळा नाही, गुरू नाही. त्याच सुमारास लंडनच्या 'स्पेक्टेटर' या प्रसिद्ध नियतकालिकाचा एक सुटा खंड त्याच्या हाती आला. त्यातील निबंधांची भाषा त्याला इतकी आवडली, की त्याने त्या पुस्तकालाच गुरू केले. त्याची रीत मोठी मजेदार होती. एखादा निबंध घेऊन प्रत्येक वाक्यातील विचार तो दोनचार शब्दांत टिपून ठेवी. काही दिवस मध्ये जाऊ दिल्यावर, पुस्तक मिटून, त्या टिपणांवरून तो सबंध निबंध स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहून काढी. मग मूळ निबंधाशी ताडून पाहून आपल्या चुका दुरुस्त करी. आपल्याजवळ शब्दांचा साठा अपुरा आहे असे आढळल्यावर त्याने काही गोष्टींचे पद्य केले आणि मूळ गद्य विसरल्यावर त्या पद्याचे पुन्हा गद्य केले. कारण पद्यात मात्रांसाठी एकाच अर्थाचे निरनिराळे शब्द शोधावे लागतात. कधी तो आपली टिपणे मुद्दाम एकमेकांत मिसळून टाकी आणि काही आठवड्यांनी ती योग्य क्रमाने लावण्याचा प्रयत्न करी. त्यामुळे विचारांची मांडणी कशी करावी हे त्याला समजले. हे सारे चाले ते रात्री काम आटोपल्यावर, पहाटे काम सुरू होण्यापूर्वी किंवा रविवारी. क्वचित एखादे वाक्य मुळापेक्षाही आपल्याला बरे साधले आहे असे त्याला वाटे आणि त्याचा हुरूप वाढे.

पुस्तकांसाठी पैसे कोठून आणायचे हाही प्रश्न होताच. सोळाव्या वर्षी शाकाहाराविषयीचे एक पुस्तक त्याच्या वाचनात आले आणि त्याने मांस सोडले. जेम्स आपल्या उमेदवारांच्या जेवणासाठी दुसऱ्या एका घरी पैसे देत असे. त्यातील निम्मी रक्कम मला द्या, मी माझे जेवण माझे करून घेईन, असे बेंजामिनने सुचवले. भावाने ते आनंदाने मान्य केले. त्या निम्म्या रकमेतूनही अर्धी तो शिल्लक टाकू लागला आणि तिची पुस्तके घेऊ लागला. दुपारी सगळे जेवावयास गेले म्हणजे तो एकटा छापखान्यात राही. पावाचा तुकडा, मूठभर बेदाणे आणि पेलाभर पाणी एवढ्यावर त्याचे जेवण झटपट आटपे. उरलेला वेळ वाचनासाठी मोकळा! शाळेत ज्या गणितात तो नापास झाला होता, तेही त्याने याच काळात पुस्तकावरून स्वतःचे स्वतः शिकून घेतले.

जेम्सने १७२१ साली एक वर्तमानपत्र सुरू केले. त्याचे विद्वान मित्र छापखान्यात जमत, लेख लिहीत आणि चर्चा करीत. आपणही लिहावे असे बेंजामिनला वाटे; पण धाकट्या भावाचा लेख जेम्स कधीच छापणार नाही हे तो जाणून होता. तेव्हा त्याने एक युक्ती केली. आपण एक मध्यमवयीन विधवा आहोत असे भासवून, अक्षर बदलून, त्याने एक पत्र लिहिले आणि रात्री ते छापखान्याच्या दाराखालून आत सरकवले. सकाळी ते सापडले. मित्रमंडळींनी ते वाचून वाखाणले आणि हे कोणी लिहिले असावे याचा तर्क करताना गावातील एकाहून एक विद्वानांची नावे घेतली. बाजूला खिळे जुळवीत उभा असलेला सोळा वर्षांचा मुलगा ते सारे ऐकत होता! १७२२ साली अशी चौदा पत्रे त्या वर्तमानपत्रात प्रसिद्ध झाली. अखेर लेखक आपणच आहोत हे त्याने सांगितले, तेव्हा मित्रांना कौतुक वाटले. जेम्सला मात्र ते रुचले नाही.

भाऊ असला तरी जेम्स स्वतःला मालक समजे आणि रागाच्या भरात बेंजामिनवर हातही टाकी. राज्यकर्त्यांना न रुचणारा मजकूर छापल्याबद्दल जेम्सला एक महिना तुरुंगात राहावे लागले, तेव्हा सोळा वर्षांच्या बेंजामिननेच ते पत्र चालवले. पुढे जेम्सने ते पत्र काढू नये असा हुकूम झाला आणि ते बेंजामिनच्या नावाने निघू लागले. तरीही मारहाण थांबली नाही. अखेर त्याने ती नोकरी सोडली. तेव्हा जेम्सने गावातील प्रत्येक मुद्रकाकडे जाऊन त्याला काम मिळू नये अशी व्यवस्था केली. आता बोस्टन सोडण्यावाचून गत्यंतर उरले नाही. गुपचूप निघायचे तर गलबताच्या भाड्याला पैसे हवेत. आणि विकण्याजोगे त्याच्याजवळ होते तरी काय? पोट मारून जमवलेली पुस्तके! त्यांतील काही त्याने विकली आणि १७२३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो घराबाहेर पडला.

न्यूयॉर्कला काम मिळाले नाही, म्हणून तो फिलाडेल्फियाच्या वाटेला लागला. वाटेत होडी वादळात सापडली. दारू प्यालेला एक डच प्रवासी पाण्यात पडला, त्याला बेंजामिनने केसांना धरून वर ओढले. शुद्धीवर येताच त्या माणसाने खिशातून एक भिजलेले पुस्तक काढले आणि ते वाळवून देण्याची विनंती केली. पाहतो तो काय, बेंजामिनच्या आवडत्या बन्यनचेच ते पुस्तक! डच भाषेत, उत्तम कागदावर, सुबक चित्रांसह छापलेले.

फिलाडेल्फियाला तो उतरला तेव्हा अंगावर कामाचे मळके कपडे होते आणि खिशात जेमतेम एक डॉलर व काही सुटी नाणी होती. ती नाणी त्याने नावाड्यांना दिली. बेकरीतून तीन मोठे पाव घेऊन, दोन काखेत धरून आणि एक खात खात, तो त्या अनोळखी रस्त्यांतून चालला. उरलेले दोन पाव त्याने होडीतून बरोबर आलेल्या एका बाईला व तिच्या मुलाला दिले. हातातल्या कलेवर त्याचा भरवसा होता. त्याला लवकरच एका छापखान्यात काम मिळाले.

पुढील वर्षी बोस्टनला जाऊन तो परत येत असताना एक गमतीची गोष्ट घडली. आपल्या गलबतावरील एका तरुण प्रवाशाजवळ पुष्कळ पुस्तके आहेत, असे कप्तानाने न्यूयॉर्कच्या गव्हर्नराला सांगितले. गव्हर्नराने त्या तरुणाला मुद्दाम भेटीस बोलावले, आपला मोठा ग्रंथसंग्रह दाखवला आणि ग्रंथ व ग्रंथकार यांवर त्याच्याशी बराच वेळ गप्पा मारल्या. मेणबत्तीवाल्याच्या मुलाला गव्हर्नराच्या पंक्तीला बसवले ते पुस्तकांनी!

पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नराने मात्र त्याला फसवले. छापखाना काढून देण्याचे आश्वासन देऊन त्याने बेंजामिनला १७२४ साली लंडनला पाठवले. पण कबूल केलेली पतपत्रे दिलीच नाहीत. परक्या शहरात बेंजामिन अडचणीत सापडला. तेथेही त्याने छापखान्यात काम धरले. त्याच्या बिऱ्हाडाशेजारी जुन्या पुस्तकांचे एक भले मोठे दुकान होते. पुस्तके वाचावयास देणारी वाचनालये तेथे अजून निघाली नव्हती. बेंजामिनने त्या दुकानदाराशी ठराव केला, की ठरावीक मोबदल्यात आपण कोणतेही पुस्तक न्यावे, वाचावे आणि परत करावे. बोस्टनमध्ये जे चोरून चाले, ते येथे उघडपणे होऊ लागले. त्याच्या मनात रुजलेल्या एका मोठ्या कल्पनेचा हा जणू पहिला अंकुरच होता.

१७२६ साली तो फिलाडेल्फियाला परतला आणि दोन वर्षांत एका भागीदाराबरोबर त्याने स्वतःचा छापखाना काढला. एके रात्री जुळवून ठेवलेली दोन पाने अचानक विसकटून सारे खिळे एकमेकांत मिसळले. दिवसभराचे काम मातीमोल झाले. पण ती पाने पुन्हा जुळवल्याशिवाय तो झोपला नाही. अशा मेहनतीमुळे गावात त्याची पत वाढली. १७२९ साली त्याने 'पेनसिल्व्हेनिया गॅझेट' हे वर्तमानपत्र हाती घेतले.

या सुमारास त्याने काही मित्रांचे एक मंडळ स्थापन केले होते. त्यात कोणी काच बसवणारा, कोणी सुतार, कोणी मोजणीदार, कोणी कारकून होता. दर शुक्रवारी संध्याकाळी ते जमत, निबंध वाचीत आणि चर्चा करीत. चर्चेत पुस्तकांची वारंवार गरज लागे. म्हणून प्रत्येकाने आपली पुस्तके एकाच खोलीत आणून ठेवावी, म्हणजे प्रत्येकाला साऱ्यांची पुस्तके मिळतील, असे फ्रँकलिनने सुचवले. वर्षभराने हा प्रयोग मोडला; कारण पुस्तकांची देखभाल नीट होईना. पण फ्रँकलिन खचला नाही. त्याने १७३१ साली वर्गणीच्या वाचनालयाची योजना आखली. प्रत्येकाने आरंभी चाळीस शिलिंग आणि पुढे दरसाल दहा शिलिंग द्यावे, त्या पैशांतून इंग्लंडहून पुस्तके मागवावी आणि ती सभासदांना घरी वाचावयास द्यावी, अशी ती योजना होती. तिच्यासाठी पन्नास वर्गणीदार मिळवतानाही त्याला फार खटपट करावी लागली. आपण पुढे झालो की लोकांना तो आपला मोठेपणा वाटतो, हे ओळखून त्याने स्वतःला मागे ठेवले आणि ही काही वाचनप्रेमी मित्रांची योजना आहे असे सांगितले. मग काम सोपे झाले.

१७३२ साली पुस्तकांची पहिली पेटी लंडनहून आली. वाचनालय आठवड्यातून एक दिवस उघडत असे. हळूहळू इतर गावांनीही त्याचे अनुकरण केले आणि साध्या कारागिरांच्या व शेतकऱ्यांच्या घरी पुस्तके जाऊ लागली. फ्रँकलिन स्वतः दररोज तासदोन तास त्या पुस्तकांच्या संगतीत घालवी. लहानपणी सुटलेली शाळा त्याने अशा रीतीने भरून काढली. १७३३ पासून त्याने फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिश भाषांचा अभ्यास केला. इटालियन शिकणाऱ्या एका मित्राबरोबर तो बुद्धिबळ खेळे; हरणाऱ्याने व्याकरणाचा धडा पाठ करावा अशी पैज असे. दोघेही सारखेच खेळत, त्यामुळे दोघांचीही भाषा पक्की झाली!

त्याच वर्षी तो जेम्सला भेटला. दहा वर्षांपूर्वीचा राग दोघांच्याही मनातून गेला होता. जेम्सची प्रकृती खालावली होती. आपल्या मागे आपल्या दहा वर्षांच्या मुलाला मुद्रणाचा धंदा शिकव, अशी त्याने भावाला विनंती केली. फ्रँकलिनने त्या पुतण्याला आपल्याकडे आणले. पण त्याला लगेच कामाला न जुंपता आधी काही वर्षे शाळेत घातले. पुढे त्याला नवे खिळेही घेऊन दिले.

सामान्य माणसाच्या घरी दुसरे पुस्तक नसले तरी पंचांग असतेच, हे फ्रँकलिनच्या ध्यानात आले होते. म्हणून १७३३ पासून 'रिचर्ड साँडर्स' या टोपणनावाने तो दरसाल एक पंचांग काढू लागला. तिथी, वार आणि हवामान यांच्यामध्ये उरलेल्या मोकळ्या जागी उद्योग, काटकसर व सचोटी यांविषयीची चुरचुरीत वचने तो घाली. काही वचने जुनी असत. त्याने ती घासूनपुसून चटकदार केलेली असत. हे पंचांग पंचवीस वर्षे निघाले आणि दरसाल त्याच्या सुमारे दहा हजार प्रती खपत. लिहिणे म्हणजे विद्वत्ता मिरवणे नव्हे, तर दुसऱ्याला सहज समजावे असे सांगणे, ही गोष्ट त्याने कधी दृष्टीआड होऊ दिली नाही.

त्या लहानशा वाचनालयातूनच फ्रँकलिनच्या विज्ञानाचाही उदय झाला. लंडनमधील पीटर कॉलिन्सन हे गृहस्थ वाचनालयासाठी पुस्तके निवडून पाठवीत. १७४५च्या सुमारास त्यांनी पुस्तकांबरोबर विजेच्या प्रयोगांसाठी काचेची एक नळी आणि तिची माहिती पाठवली. फ्रँकलिनने प्रयोगांना आरंभ केला आणि जे जे आढळले ते साध्या, स्वच्छ भाषेत पत्रांनी कॉलिन्सनना कळवले. १७५१ साली त्या पत्रांचे पुस्तक लंडनला छापून निघाले. आकाशातील वीज आणि प्रयोगातील वीज एकच, हे त्याचे मत पुढील वर्षी फ्रान्समध्ये झालेल्या प्रयोगाने व त्याने स्वतः केलेल्या पतंगाच्या प्रयोगाने सिद्ध झाले. उंच इमारतींचे रक्षण करणारा विद्युत्वाहक दांडा ही त्याचीच देणगी. १७५३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. दोन वर्षे शाळेत गेलेल्या मुद्रकाचा जगातील मोठमोठ्या पंडितांनी असा गौरव केला.

पुढे त्याचे आयुष्य राष्ट्रकार्यात गेले. १७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा तयार करणाऱ्या पाच जणांच्या समितीत तो होता. नंतर वकील म्हणून तो नऊ वर्षे फ्रान्समध्ये राहिला. तेथेही आपल्या बिऱ्हाडी त्याने एक लहानसा छापखाना थाटलाच! त्याच्या आयुष्यात दोषही होते. त्याच्या घरी गुलाम होते आणि त्याच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. परंतु आपले मत चुकीचे आहे असे पटल्यावर ते बदलण्यास तो म्हातारपणीही लाजला नाही. १७८७ साली गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्षपद त्याने स्वीकारले, आणि मरणापूर्वी अवघे दोन महिने, १७९० च्या फेब्रुवारीत, गुलामगिरी बंद करावी असा त्याच्या सहीचा अर्ज अमेरिकेच्या काँग्रेसपुढे गेला.

वार्धक्यातही त्याचे वाचन सुटले नाही. जवळचे व दूरचे दोन्ही दिसावे म्हणून त्याने दुहेरी काचांचा चष्मा करून घेतला. उंच फळीवरील पुस्तक काढण्यासाठी त्याने लांब काठीला लाकडी बोटे बसवून एक हात तयार केला. त्याच्या संग्रहात तेव्हा चार हजारांहून अधिक ग्रंथ होते. त्याने आपले आत्मचरित्र १७७१ साली लिहावयास घेतले होते. ते शेवटपर्यंत अपुरेच राहिले. तरीही ते जगातील उत्तम आत्मचरित्रांत गणले जाते.

मॅसॅच्युसेट्स प्रांतातील एका गावाने फ्रँकलिनचे नाव धारण केले होते. गावाच्या प्रार्थनामंदिरासाठी त्याने एक घंटा द्यावी अशी तेथील लोकांची इच्छा होती. फ्रँकलिनने विचार केला आणि घंटेऐवजी ११६ पुस्तके पाठवली. घंटेचा नाद कानांपर्यंतच पोचतो. पुस्तक मनापर्यंत जाते, असा त्याचा हिशेब होता. १७९० साली गावाच्या सभेने ठराव केला, की ही पुस्तके गावातील सर्व रहिवाशांना मोफत वाचावयास द्यावी. ज्या मुलाला एके काळी रात्रीपुरते पुस्तक मिळवून पहाटे ते परत करावे लागले होते, त्याची पुस्तके आता एका गावाच्या प्रत्येक घरासाठी खुली झाली.

त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, फ्रँकलिनचा अंत झाला. त्याच्या अंत्ययात्रेला सुमारे वीस हजार लोक लोटले होते. राजदूत, शास्त्रज्ञ, राज्याचा अध्यक्ष अशा अनेक पदव्या त्याला मिरवता आल्या असत्या. पण आपल्या मृत्युपत्रात स्वतःच्या नावापुढे त्याने पहिला शब्द घातला तो मुद्रक. तारुण्यात गमतीने त्याने स्वतःसाठी एक मृत्युलेख लिहून ठेवला होता. त्यात त्याने आपल्या देहाला पाने निखळलेल्या, जीर्ण वेष्टनाच्या जुन्या पुस्तकाची उपमा दिली होती आणि ग्रंथकर्ता त्याची सुधारलेली नवी आवृत्ती काढील अशी आशा दर्शवली होती. त्याने फिलाडेल्फियात स्थापन केलेले वाचनालय आजही उभे आहे. तेथील जुने ग्रंथ अभ्यासक अजून उघडतात, वाचतात आणि काळजीपूर्वक जागच्या जागी परत ठेवतात.